ग्रंथ त्यांचा, रूढीही त्यांचीच : मराठी धर्मवादातील एक पेच

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' वर्गात शिकवताना आम्हांला दरवर्षी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत विधवांच्या हालअपेष्टांचे जे चित्र आहे ते करुणेतून आले की धर्मप्रचारातून? 'दोन्हींतून' असे उत्तर देऊन आम्ही पुढे सरकत असू. आता हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. परधर्मीयांच्या रूढींवर त्यांच्याच ग्रंथांचा आधार घेऊन टीका करण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात रुजली, तिच्यातच या प्रश्नाचे मूळ आहे.

या रीतीचा पाया मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी घातला. १८३१ साली मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून हिंदू धर्माची बाजू मांडली आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये पुस्तकरूपाने तिचे खंडन केले. पुढे पारशी धर्मावरील त्यांचा ग्रंथ १८४३ साली निघाला. विल्सन हे व्यासंगी गृहस्थ होते. पुराणे असोत की अवेस्ता, प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचल्यावाचून ते वादात उतरत नसत. परंतु त्यांच्या तराजूची दोन पारडी सारखी नव्हती. स्वधर्म तोलायचा तो ग्रंथातील आदर्शावरून आणि परधर्म तोलायचा तो ग्रंथातील वैगुण्यावरून व लोकांच्या आचारावरून, असा हा हिशेब होता. आणि हा दोष एकट्या विल्सन यांचा नव्हे. धर्मवादात उतरणारा जवळजवळ प्रत्येक पक्ष हेच करत आला आहे.

त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी भेटला तो विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या रूपाने. कुलाबा जिल्ह्यातला हा तरुण कस्टम खात्यातली नोकरी सोडून आमच्या नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीच्या गडावर तपाला बसला आणि तिथून उतरला तो वादाची तयारी करूनच. १५ जानेवारी १८५७ पासून दर गुरुवारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी त्यांचा वाद रंगू लागला. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने तो इंग्रजीत ग्रंथबद्ध केला. बायबलातील विसंगतींवर बुवा तुटून पडत. पण १८५९ च्या 'वेदोक्त धर्मप्रकाशा'त त्यांनी वर्ण जन्मावर नव्हे, गुणकर्मावर ठरतो अशी भूमिका घेतली. टीकाकाराने रूढीवर बोट ठेवले की 'ती आमच्या वेदांत नाहीच' असे म्हणायचे, हा बचाव तेव्हापासून चांगलाच रूढ झाला.

आमच्या मते खरी गोम इथेच आहे. टीकाकार म्हणत होता, रूढी वाईट आहे म्हणून ग्रंथ खोटा. बचाव करणारा म्हणत होता, ग्रंथ खरा आहे म्हणून रूढी उपरी. दोघेही भांडत होते, पण निवाडा ग्रंथानेच करावा यावर दोघांचे एकमत होते. गावकी, जातपंचायत आणि घरातील वडीलधारी माणसे ज्या रूढी चालवत होती, त्यांचा उगम पोथीत शोधण्याची सवय या वादांनी दृढ केली. ती पुढे सुधारकांच्याही अंगवळणी पडली. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे पुनर्विवाहाचा वाद झाला तो स्मृतिवचनांच्या अर्थावर. विष्णुशास्त्री पंडितांचा पक्ष त्यात हरला. जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या विधवेला मात्र पंचांत स्थान नव्हते.

ती बोलू लागली तेव्हा वादाचे रूप पालटले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त शास्त्रकारांनाच जाब विचारला. पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची अवस्था दाखवताना मनूची वचने साक्षीला काढली. वरवर पाहता ही मिशनऱ्यांचीच रीत. मात्र १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर इंग्लंडमधील धर्मभगिनींशीही त्या सिद्धांतांवरून तितक्याच निर्भयपणे भांडल्या. रमाबाईंची दोन्ही पारडी सारखी होती. त्यांचे वेगळेपण आम्हांला इथे दिसते.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला या साऱ्याचा विसर पडू नये. इथल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय मिळाला. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. परंतु ज्या बायबलाच्या प्रेरणेने शरणपूर वसले, त्याच बायबलातील वचनांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील पाद्री गुलामगिरीचे समर्थन करत होते. एकच ग्रंथ बेडी तोडायलाही उपयोगी पडला आणि घडवायलाही.

याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जिल्ह्यातील येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात त्यांनी जुना पेचच मोडीत काढला. शास्त्राचा खरा अर्थ कोणता यावर वाद घालून जात जाणार नाही, शास्त्राचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभर वर्षे चाललेल्या धर्मवादात दोन्ही पक्षांनी जे गृहीत धरले होते, नेमके त्यावरच त्यांनी घाव घातला.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून निराळी. 'स्मृतिचित्रे'त त्यांचे सोवळे सुटते ते कुणी पोथीतला पुरावा दाखवला म्हणून नव्हे. रोजच्या जगण्याने त्यांना विचार करायला लावले, म्हणून ते सुटले.

तेव्हा वर्गातल्या त्या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देतो : यमुनेला भेटलेल्या विधवांचे दुःख खरेच आहे, त्यावरून काढलेला धर्माचा निकाल मात्र तपासून घ्यायला हवा. टीका परक्याने केली म्हणून रूढी निर्दोष ठरत नाही आणि रूढी दुष्ट म्हणून टीकाकाराचे घर स्वच्छ ठरत नाही. परधर्माच्या ग्रंथातील वचन काढून दाखवणाऱ्याला एवढेच विचारावे, की हीच कसोटी तो स्वतःच्या ग्रंथाला आणि स्वतःच्या उंबरठ्याला लावायला तयार आहे काय?