कॅराव्हॅनच्या टपावरील सौरवीज

राहण्या-झोपण्याची सोय असलेले वाहन, म्हणजेच कॅराव्हॅन, मुक्कामी उभे राहिले आणि इंजिन बंद झाले की त्यातील दिवे, पंखा व फ्रिज केवळ बॅटरीच्या भरवशावर चालतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा वाहनांसाठी स्वतंत्र पर्यटन धोरण मंजूर केले. समुद्रकिनारी किंवा घाटमाथ्यावर, विजेची जोडणी नसलेल्या जागी मुक्काम करायचा तर टपावर सौर पॅनेल बसविणे हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरतो. मात्र पॅनेल बसविले की विजेची चिंता मिटली, हा समज महागात पडतो. अशा व्यवस्थेत सहसा बिघडते ते पॅनेल नव्हे, तर बॅटरी. आणि तिच्या अकाली मृत्यूचे कारण बहुधा हिशेबातील चूक हेच असते.

हा हिशेब पॅनेलपासून नव्हे, तर खर्चापासून सुरू करावा लागतो. ५ वॉटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावल्यास ५० वॉट-तास, १५ वॉटचा पंखा आठ तास चालविल्यास १२०, दोन मोबाइल फोनसाठी ३० आणि १२ व्होल्टवर चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसर फ्रिजसाठी उन्हाळ्यात दिवसाकाठी सुमारे ४०० वॉट-तास धरल्यास एकूण गरज ६०० वॉट-तासांची होते. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत हे ५० अँपिअर-तास झाले. यात खरा खादाड फ्रिज आहे, हे उघडच आहे. वातानुकूलन यंत्र किंवा इंडक्शन शेगडी या हिशेबात बसतच नाही. १५०० वॉटची शेगडी इन्व्हर्टरमार्फत चालविल्यास बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह खेचला जातो.

इंजिन चालू करण्यासाठी असलेली बॅटरी या कामाला उपयोगाची नाही. तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणे हे तिचे काम, रात्रभर थोडा थोडा देणे हे नव्हे. भारनियमनाच्या काळात घरोघरी पोचलेली ट्युब्युलर बॅटरी खोलवर वापर सोसते खरी. परंतु तिच्यातील आम्ल खड्ड्यांच्या रस्त्यावर हिंदकळते आणि चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. माणसे ज्या बंदिस्त जागेत झोपतात, तेथे ती ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे वाहनात शिसे-आम्ल प्रकार वापरायचाच असेल तर सीलबंद जेल किंवा एजीएम बॅटरी घ्यावी. तीही निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. थोडा वेळ भार न देता ठेवल्यावर तिचा व्होल्टेज १२.७ च्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ असेल तर निम्मी रिकामी समजावी. याचा अर्थ ५० अँपिअर-तास वापरण्यासाठी किमान १०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी आणि ढगाळ दिवसाची तरतूद करायची तर १५० किंवा २०० ची.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० ते ९० टक्के क्षमता वापरता येते. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी बारा-तेरा किलोंची, म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीच्या निम्म्याहूनही हलकी असते. किंमत मात्र अधिक पडते. शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज केल्यास कायमची हानी होते, हे लडाखसारख्या प्रदेशात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आता पॅनेल. त्यावर छापलेले १०० वॉट हे प्रयोगशाळेतील माप असते: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्यावर सेल ६५ अंशांपर्यंत तापू शकतो आणि दर अंशाला सुमारे ०.४ टक्के या हिशेबाने १६ टक्के वीज तेथेच घटते. पॅनेलखाली हवा खेळण्यापुरती फट ठेवणे म्हणूनच आवश्यक असते. टपाला थेट चिकटविलेले लवचिक पॅनेल अधिक तापते. सावलीचा परिणाम तर त्याहून मोठा. सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्याने माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलचा मोठा भाग निकामी करते. गारव्यासाठी गाडी झाडाखाली लावावी की विजेसाठी उन्हात, हा पेच टपावरील पॅनेल सोडवू शकत नाही. सुटे पॅनेल लांब वायरने उन्हात मांडून तो सुटतो. निरभ्र दिवशी पाच तासांचे पूर्ण ऊन आणि तीस टक्के घट धरल्यास २०० वॉटच्या पॅनेलपासून ७०० वॉट-तास मिळतात. दाट पावसाळी ढगांखाली हा आकडा चौथाईच्याही खाली येतो. तेव्हा धावत्या इंजिनाच्या अल्टरनेटरकडून बॅटरी भरण्याची सोय हाताशी असावी लागते.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतोच. १०० वॉटचे पॅनेल साधारणतः १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देते. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो; १३ व्होल्टवर तेच साडेपाच अँपिअर म्हणजे जेमतेम ७२ वॉट. एमपीपीटी कंट्रोलर वरच्या व्होल्टेजचे रूपांतर जादा प्रवाहात करतो. एका लहान पॅनेलसाठी पहिला चालून जातो. २०० वॉटच्या पुढे दुसऱ्याची किंमत वसूल होते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वायरीकडे. कंट्रोलरपासून बॅटरी पाच मीटरवर असेल आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली, तर १५ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गळतो. कंट्रोलरला १४.४ व्होल्ट दिसतात, बॅटरीला १३.४ च मिळतात. ती कधीच पूर्ण भरत नाही आणि शिशावर सल्फेटचा थर चढून निकामी होते. दोष मात्र पॅनेलच्या माथी मारला जातो. कंट्रोलर बॅटरीलगत बसवावा, तेथील वायर जाड असावी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज असावा. अन्यथा घासलेल्या वायरीतून आग लागण्यास वेळ लागत नाही. जोडताना बहुतेक कंट्रोलरना आधी बॅटरी, मग पॅनेल आणि काढताना याच्या उलट क्रम लागतो.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर शिसे-आम्ल बॅटरीला पॅनेल जोडलेलेच ठेवावे. लिथियम बॅटरी मात्र साधारण निम्मी भरून वेगळी करून ठेवावी.