ग्रहणाच्या दिवशी दिलेला मठ : पाटणची ज्योतिषशाळा आणि गोदाकाठची गणकघराणी

गूढविद्येच्या पाठशाळेभोवती एखादे नगर वसावे, तेथील आचार्यांना भविष्यातल्या घटना आधी कळाव्यात, आणि राजांनी त्यांच्या शब्दावर मोहिमा आखाव्यात, ही कल्पना कथाकारांना फार प्रिय आहे. पण दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासात तिच्या बरेच जवळ जाणारी वास्तव स्थळे सापडतात. त्या काळात ज्योतिष या विद्येत ग्रहगणित, मुहूर्त आणि जातक म्हणजे जन्मपत्रिकेवरून फलकथन, या तिन्हींचा समावेश होत असे, आणि चंद्राला ग्रहण कोणत्या दिवशी व कोणत्या घटकेला लागेल हे कित्येक महिने आधी सांगणारा गणक राजाला आणि कुणब्याला सारखाच अद्भुत वाटत असे. ही विद्या शिकवणाऱ्या शाळा कोणी उभारल्या यापेक्षा त्यांचा रोजचा खर्च कोणी चालवला, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर दगडावर कोरून ठेवलेले आहे.

नांदेड जिल्ह्यातील नायगाव, कंधार, मुखेड, देगलूर आणि शेजारचे लातूर हा पट्टा या इतिहासाच्या आरंभाशी जोडलेला आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे लातूर असे सामान्यतः मानले जाते. नायगावच्या पश्चिमेकडील कंधार हे त्यांच्या काळातील वैभवाचे नगर होते. तेथील जगत्तुंग सागर हा तलाव राष्ट्रकूटांच्या एका बिरुदाचे नाव आजही सांगतो, आणि तिसऱ्या कृष्णाच्या काळातील एक शिलालेखही तेथे मिळालेला आहे. पुढे चालुक्यांच्या काळात लातूरला विद्यास्थान म्हणून प्रतिष्ठा होती, आणि तेथील पापविनाशक मंदिराच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या काळातील शिलालेखात नगरातील पाचशे विद्वानांचा उल्लेख येतो.

याच तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीत, शके ८६७ म्हणजे इ. स. ९४५ मध्ये, त्याचा मंत्री नारायण याने आजच्या विजयपूर जिल्ह्यातील, इंडीजवळच्या सालोटगी येथे एक विद्याशाला स्थापन केली. पूर्वी हा भाग मुंबई इलाख्यात होता आणि सोलापूरच्या सीमेपासून तो दूर नाही. ब्रह्मा, विष्णू व महेश या तीन देवांच्या, म्हणजे त्रैपुरुषाच्या, मंदिराशी जोडलेल्या या शाळेत निरनिराळ्या जनपदांतून विद्यार्थी येत, आणि त्यांच्या राहण्यासाठी सत्तावीस घरे दिलेली होती. दिवाबत्तीसाठी बारा निवर्तने आणि आचार्यासाठी पन्नास निवर्तने जमीन होती. निवर्तन हे जमिनीचे जुने माप असून त्याचा आकार प्रदेशपरत्वे बदलत असे. परंतु या लेखातील सर्वांत बोलकी तरतूद जमिनीची नाही. गावात लग्न झाले की पाच नाणी, मुंज झाली की अडीच आणि जावळ काढले की सव्वा नाणे शाळेला द्यावे, असे तेथे ठरवलेले आहे. गावातील प्रत्येक मंगलकार्याचा एक वाटा परक्या मुलुखातून आलेल्या मुलांच्या जेवणावर आणि अभ्यासावर खर्च होत होता, आणि पाविट्टगे हे गावाचे मूळ नाव शालेच्या नावाशी जोडले जाऊन पुढे सालोटगी असे रूढ झाले, असे अभ्यासक मानतात. गाव शाळेच्या नावाने ओळखले जाऊ लागले, याहून मोठा मान कोणत्या शाळेला मिळाला असेल! दहावी-बारावीच्या व प्रवेशपरीक्षांच्या तयारीची जी पद्धत 'लातूर पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यासाठी नायगाव-मुखेडकडची मुले आज लातूरला खोली करून आणि मेस लावून राहतात. त्यांच्या घरच्यांना त्या सत्तावीस घरांचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

सालोटगीच्या लेखातून तेथील अभ्यासाचा विषय फारसा कळत नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणची गोष्ट वेगळी आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी असलेले हे स्थान आज पाटणादेवी या नावाने देवीच्या भक्तांना परिचित आहे आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत येते. जवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. यादवांच्या काळात येथे निकुंभ या मांडलिक घराण्याची सत्ता होती, आणि तेथील महादेव मंदिरातील शके १०७५ (इ. स. ११५३) चा लेख त्यांचाच आहे. दुसरा, अधिक महत्त्वाचा लेख मठाचा. मठ म्हणजे येथे संन्याशांचे निवासस्थान नव्हे, तर आचार्य व शिष्य एकत्र राहून ज्या ठिकाणी अध्ययन करतात ती संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांसमोर आणला.

त्या लेखात भास्कराचार्यांचे घराणे पिढ्यांसह दिलेले आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ लिहिला, ज्याचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत, आणि ११८३ मध्ये 'करणकुतूहल' हा करणग्रंथ, म्हणजे पंचांगाचे गणित सोपे करून देणारा व्यवहारोपयोगी ग्रंथ, रचला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेऊन पंडितांचा प्रमुख केले, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व प्रसार व्हावा म्हणून चांगदेवाने हा मठ स्थापन केला, आणि निकुंभ सोइदेवाने शके ११२८ मध्ये, प्रभव संवत्सरातील श्रावण पौर्णिमेला, त्याला दान दिले. ही तारीख १२०७ सालच्या ऑगस्टमधली आहे, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होते. सोइदेवाच्या भावाचे, हेमाडिदेवाचे, नावही या लेखाशी जोडलेले आहे. यादवांचा पुढल्या काळातील प्रसिद्ध मंत्री हेमाद्री तो हा नव्हे.

ग्रहणकाळी दान देणे हा रूढ धर्माचार होता, आणि दख्खनेतील पुष्कळ दानलेखांवर ग्रहणाची तिथी आढळते. पण या विशिष्ट शाळेला ग्रहणाच्या दिवशी दान मिळावे यात एक खोल औचित्य आहे. ज्या क्षणाचे पुण्य दात्याला हवे होते, तो क्षण आधी सांगण्याचे शास्त्रच त्या मठात शिकवले जाणार होते. ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष काढायचा तर सूर्य व चंद्र यांची स्थाने, त्यांच्या गती, चंद्राचा शर म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे त्याचे अंतर, आणि चंद्राच्या अंतरावर पृथ्वीच्या छायेची रुंदी, एवढे सारे गणित करावे लागते, आणि नंतर ती वेळ घटिकायंत्रावर पडताळावी लागते. घटिकायंत्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे. ते पाण्यावर तरंगत ठेवले की भरून बुडण्यास एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, लागतात, आणि अशा साठ घटकांचे एक अहोरात्र होते. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते हे भास्कराचार्यांनी गोलाध्यायात मांडले आहे, आणि त्याच वेळी राहूची पुराणकथा न झिडकारता तिची त्या छायेशी सांगडही घातली आहे. गणित आणि श्रद्धा यांचा असा मेळ ज्या शाळेत चालत होता, तिला जादूची शाळा म्हणणे चूक ठरेल. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती तशी दिसत असणार, हे मान्य करावे लागते.

या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि येथे थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. घराण्याची थोरवी, शास्त्रांतील प्रावीण्य आणि दात्याची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. मठाला रोज काय मिळायचे, ते मात्र मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यावा, गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल द्यावे, आणि मापनासाठी मठाचे माप वापरावे, अशा आशयाच्या तरतुदी त्यात आहेत. पळी म्हणजे तेल काढण्याचे लांब दांड्याचे लहान भांडे. या ओळी पंडितांसाठी लिहिलेल्या नाहीत. त्या तेल्याला, वाण्याला आणि बाजारकऱ्याला वाचून दाखवता याव्यात म्हणून त्यांच्या बोलीत कोरलेल्या आहेत. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत या ओळींची गणना होते, आणि आपल्या भाषेचा इतका जुना नमुना एका गणितशाळेच्या खर्चाच्या निमित्ताने टिकून राहिला, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. रात्री आकाशाचे निरीक्षण करून पोथीत अंक मांडणाऱ्या शिष्यापुढला दिवा पाटणच्या घाण्यांवरील तेलावर जळत होता. या विद्येच्या इतिहासात त्या तेल्यांचे नाव भास्कराचार्यांच्या शेजारी लिहिले गेले पाहिजे, आणि त्या दगडावर ते एका अर्थाने लिहिलेले आहेच.

हे घराणे एका मठापुरते मर्यादित राहिले नाही. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'वर टीका, म्हणजे स्पष्टीकरणग्रंथ, लिहिल्या, आणि चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ (इ. स. १२२२) मध्ये देवीचे मंदिर बांधले.

लोकस्मृतीने मात्र निराळी निवड केली. जळगाव जिल्ह्यात आज चांगदेव हे नाव घेतले तर आठवतो तो चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेला आणि पुढे मुक्ताबाईंचा शिष्य झालेला योगी; मुक्ताईनगरजवळ त्याच्या नावाचे गाव आणि प्राचीन मंदिरही आहे. सिंघणाचा गणक चांगदेव हा त्याहून सर्वस्वी वेगळा पुरुष, आणि त्याचे नाव शाळेच्या पुस्तकातही क्वचितच येते. लीलावतीच्या बाबतीतही हेच घडले. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, ही हृदयस्पर्शी कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरातून ती पसरली. चमत्कार लक्षात राहतो आणि रीत विसरली जाते. विद्येच्या इतिहासकाराला म्हणून लोककथेच्या उलट दिशेने चालत जाऊन रीत शोधावी लागते.

यादवांचे राज्य लयाला गेले, राजाश्रय तुटला, आणि पाटणचा मठही काळाच्या ओघात नाहीसा झाला. परंतु तेथील ग्रंथ गोदावरीच्या काठी जिवंत राहिले, आणि नांदेड-लातूर भागातील वाचकाला हा अध्याय सर्वांत जवळचा वाटावा. नांदेडला पोहोचण्याआधी गोदावरी ज्या पाथरी परिसराला स्पर्शून येते, ते पाथरी म्हणजे ज्योतिषग्रंथांतील पार्थपूर. येथील ज्ञानराज याने सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास याने बीजगणितावर १५३८ मध्ये आणि लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या, म्हणजे पाटणच्या मठात जे शिकवले जात होते तेच सव्वातीनशे वर्षांनी परभणीच्या मातीत पुन्हा समजावून सांगितले गेले. हाच सूर्यदास 'रामकृष्णविलोमकाव्य' या रचनेचा कर्ता आहे. तिच्यातील श्लोक सरळ वाचले तर रामकथा निघते आणि शेवटाकडून उलट वाचले तर कृष्णकथा. अक्षरांची ही किमया आणि समीकरणांचे विवरण एकाच बुद्धीतून आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विद्यापरंपरेचा पैस लक्षात येतो.

गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचे घराणे त्याहून विस्ताराचे. तेथील दिवाकर हा 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञाचा शिष्य. गणेश दैवज्ञाचे नंदिग्राम म्हणजे नांदेड नव्हे, तर कोकणातील मुरुडजवळचे नांदगाव; त्याचा 'ग्रहलाघव' हा १५२० चा करणग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक शतके वापरला. दिवाकराचा मुलगा मल्लारी याने त्या ग्रंथाची उपपत्ती, म्हणजे त्यातील प्रत्येक रीतीमागचे कारण, लिहिली, आणि मल्लारीचा भाऊ विश्वनाथ याने उदाहरणे सोडवून दाखवली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात अशा घराण्यांच्या वंशावळी परिश्रमपूर्वक जुळवल्या. मठाची जागा आता घराने घेतली होती: बाप शिकवी, मुलगा टीका लिही, पुतण्या तिची नक्कल करी, आणि बाजारावरील हिश्श्याऐवजी गावोगावच्या पंचांगवाचनाची दक्षिणा व वतन यांवर चरितार्थ चाले.

अशा घराला गावाबाहेरच्या मोठ्या विद्यापीठाची ओढ लागणे अपरिहार्य होते. गोलग्रामचे हे कुटुंब काशीला गेले, आणि दिवाकराचा पणतू कमलाकर याने तेथे १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पुरा केला, ज्यात समरकंदच्या उलुगबेगाच्या वेधशाळेच्या परंपरेतील ज्ञानाचाही उपयोग केलेला आहे. गोदाकाठच्या एका खेड्यातून निघालेली विद्या एका बाजूने भास्कराचार्यांना आणि दुसऱ्या बाजूने मध्य आशियातील वेधशाळेला जाऊन भिडली होती.