पुण्याची मंडई आणि तिचें नांव

परगांवाहून, आणि हल्लीं परदेशाहूनही, आप्तांकडे पुण्यास उतरलेल्या पाहुण्याला पहिल्या दोनचार दिवसांत कोणीतरी मंडईंत घेऊन जातेंच. पर्वती, शनिवारवाडा, सिंहगड हीं पाहण्याचीं स्थळें. मंडई ही खाण्याची, हुंगण्याची आणि भाव करण्याची जागा. दहा वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत काढलेला भाचा मामीच्या मागें पिशवी धरून चालूं लागतो, आणि पांच मिनिटांत त्याचें लक्ष पिशवीवरून उडतें. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस असले तर हरभऱ्याचे घाटे, उसाचीं कांडीं, बोरें आणि हुरड्याचीं कणसें समोर येतात. वैशाखांत डोंगराकडून आलेल्या बाया करवंदें आणि जांभळें पानांच्या द्रोणांत मांडून बसतात. पुरंदरकडचे अंजीर आणि सीताफळें आपापल्या हंगामांत हजर असतात. मामी कोथिंबिरीची जुडी चार ठिकाणीं हुंगून पांचव्या ठिकाणीं घेते, आणि तीही वर मूठभर मिरच्या फुकट पदरांत पडल्यावर. तोंवर भाचा बाहेरच्या हातगाडीपाशीं पोंचलेला असतो. तेथें कढईंत बटाटेवडे फुलत असतात, शेजारीं निखाऱ्यावर मक्याचें कणीस तडतडत असतें, आणि भेळवाला चुरमुऱ्यांवर चिंचेचें पाणी शिंपडून झपाट्यानें कालवीत असतो.

"अरे, तुझ्या पोटाला आतां हें सोसायचें नाहीं," मामी म्हणते.

"मामी, याच्यासाठींच तर आलों!" भाचा उत्तर देतो.

हें सारें पाहुण्याला आपल्याच मातींतलें आणि पूर्वापार चालत आलेलें वाटतें. त्याच्या हातांतील कागदावरचा निम्मा माल मात्र समुद्रापलीकडचा असतो. बटाटा, मिरची, मका, भुईमूग हीं सारीं पिकें मूळ अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरल्यानंतर तीं हळूहळू इकडे आलीं. बटाटा, कोबी आणि पाव हे शब्दच पोर्तुगीज भाषेंतून मराठींत येऊन घरचे झाले. वडा पावांत घालून विकण्याची चाल तर अगदीं काल-परवांची. मुंबईंत दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास ती सुरू झाली असें सामान्यतः मानतात. पाळी सुटलेल्या गिरणीकामगाराला उभ्याउभ्या खातां येईल असा स्वस्त घास म्हणून ती फैलावली. पेशव्यांच्या पंगतींत वडापाव शोधूं जाणाराची निराशाच व्हायची! पण हा भाग आतां बऱ्याच जणांस ठाऊक झाला आहे. ज्या इमारतीच्या सावलींत हे गाडे लागतात, तिची हकीकत त्या मानानें कमी ठाऊक आहे, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकांत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत भरत असे. वाडा १८२८ सालीं आगींत जळाला आणि त्याचें वैभव संपलें. परंतु दरवाज्यापुढच्या मोकळ्या जागेंत आसपासच्या गांवांतील माळी आणि कुणबी आपल्या पाट्या घेऊन बसत. वर छप्पर नाहीं, खालीं फरशी नाहीं. पावसाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत धूळ. सडलेल्या पाल्याची घाण बारमास. अशा बाजाराला चांगली जागा हवी ही गोष्ट कोणीही नाकबूल करणार नाहीं. शिवाय मुंबईचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. तेथें म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नांवाचें भव्य मार्केट १८६९ सालींच उभें राहिलें होतें. (याच क्रॉफर्डसाहेबांवर पुढें पुण्यास मध्य भागाचे कमिशनर असतांना, १८८८ त, लांचलुचपतीचें मोठें प्रकरण झालें; तो भाग निराळा.) पुणें नगरपालिकेनें तसेंच दगडी मार्केट शुक्रवार पेठेंत बांधण्याचा बेत केला. खर्च कांहीं लाखांचा होता, आणि त्या काळच्या पुण्याला कांहीं लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे.

या बेताला कसून विरोध केला तो जोतीराव फुले यांनीं. ते १८७६ पासून १८८२ पर्यंत नगरपालिकेचे सभासद होते. हा विरोध बाजाराची माहिती नसलेल्या माणसाचा नव्हता, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. घराणें माळ्याचें, मूळचें आडनांव गोऱ्हे जाऊन फुले हें नांव पडलें, तें फुलांच्या धंद्यावरूनच. स्वतः जोतीरावांनीं सरकारी बांधकामांचीं कंत्राटें घेतलेलीं होतीं, आणि मांजरीस त्यांची शेतीही होती. दगडी काम कितीला पडतें आणि भाजीची पाटी कितीला विकते, या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला असा सभासद त्या सभागृहांत दुसरा मिळणें कठीण. माळ्याला डोक्यावर छप्पर मिळूं नये असें त्यांना वाटणें शक्यच नव्हतें. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, गोरगरिबांच्या मुलांना शाळा नसतांना शहराचा पैसा शोभिवंत इमारतींत घालूं नये. तो आधीं शिक्षणाकडे वळवावा.

हा त्यांचा क्षणिक हट्ट नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन १८८० सालीं पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठीं नगरपालिकेनें एक हजार रुपये खर्चावे असा ठराव आला, तेव्हां सरकारनियुक्त सभासदांपैकीं एकट्या फुल्यांनीं विरोधी मत दिलें. १८८२ त हंटर शिक्षण आयोगापुढें त्यांनीं निवेदन केलें. त्याचाही रोख हाच होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही विषमता त्यांनीं तेथें मांडली आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षीं पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सारा, पट्ट्या, सावकार आणि कामगार लोक यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या शेतकऱ्याची कहाणी त्यांनीं लिहिली. या तीन गोष्टींच्या शेजारीं मार्केटचा विरोध ठेवला म्हणजे त्याचा अर्थ नीट लागतो.

तरीही फुल्यांचें सर्वस्वीं बरोबर आणि बाकीच्यांचें चूक, असा निकाल देणें सोपें असलें तरी न्यायाचें नव्हे. उघड्या पटांगणापेक्षां फरशीबंद बाजार विकणारास आणि घेणारास दोघांसही हितावह होता. वाद मार्केट असावें कीं नसावें एवढाच नव्हता. शहरानें आधीं काय करावें आणि मागाहून काय, हा त्यांतला खरा वाद. त्यांत बहुमत इमारतीकडे पडलें. १८८६ सालीं मार्केट पुरें झालें. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा, आणि बाजूंना पसरलेल्या छपरांखालीं विक्रेत्यांचे ओटे, अशी ती डौलदार इमारत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवें 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊं लागली. तिच्यानंतर चार वर्षांनीं, १८९० त, फुले निवर्तले.

इमारत एकदां झाली कीं ती बांधणारांच्या हातीं राहत नाहीं. गव्हर्नराच्या नांवाचें हें मार्केट थोड्याच काळांत पुण्याच्या राजकारणाचा चव्हाटा बनलें. तेथें सभा होत, भाजी घेतां घेतां वाद होत. काकासाहेब गाडगीळांच्या नांवाशीं 'मंडई विद्यापीठ' हा शब्द जोडला गेला तो यामुळेंच. १९२४ सालीं मंडईंत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. त्याचें अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. पुढच्याच वर्षीं जोतीराव फुले यांचाही पुतळा पुण्यांत व्हावा अशी सूचना केशवराव जेधे यांनीं नगरपालिकेंत आणली, तेव्हां ती फेटाळली गेली. त्या वादांत दिनकरराव जवळकर यांचें 'देशाचे दुश्मन' हें जहाल पुस्तक निघालें, खटला झाला, आणि अपिलांत आरोपींची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९२५-२६ सालच्या पुण्यांत भाजी आणावयास गेलेल्या माणसाच्या कानीं कोणता विषय पडत असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

पुतळा नाकारणाऱ्या त्याच नगरपालिकेंत पुढें आचार्य अत्रे निवडून आले. त्यांच्या पुढाकारानें १९३८ च्या सुमारास 'रे मार्केट' हें नांव जाऊन 'महात्मा फुले मंडई' हें नांव आलें. ज्यानें तिच्या खर्चाला विरोध केला त्याचेंच नांव इमारतीला! यांत कोणाला इतिहासाचा विनोद दिसेल, कोणाला उशिरा केलेलें प्रायश्चित्त. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढें जोतीरावांचेंच नांव मिळालें. महाराष्ट्रांतील दोन थोर बाजार ज्याच्या नांवें आहेत, तो बाजारापेक्षां शाळा आधीं मागणारा होता, ही गोष्ट नांवाच्या पाटीवर मात्र मावत नाहीं.

शहराचा घाऊक भाजीव्यापार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला, तरी जुन्या मंडईचा किरकोळ बाजार चालूच राहिला. इमारतीच्या आंत ज्यांना गाळा नाहीं, त्या बाया बाहेर पोतें अंथरून बसतात. त्यांच्यापलीकडे खाद्यपदार्थांच्या हातगाड्या. जुन्या पटांगणांतून विक्रेत्यांना उठवून छपराखालीं नेलें, तरी रस्त्यावरची विक्री थांबली नाहीं. ती इमारतीच्या भोंवतीं पुन्हां उगवली. अशा विक्रेत्यांचा रस्त्यावर बसण्याचा हक्क मान्य करणारा पथविक्रेत्यांचा कायदा संसदेनें केला तो थेट २०१४ सालीं. सप्टेंबर २०२४ पासून मंडईखालून भुयारी मेट्रोही धांवूं लागली, आणि स्टेशनाचें नांव 'मंडई' हेंच ठेवलें गेलें.

त्या स्टेशनापासून बुधवार पेठेंतील भिडेवाड्याची जागा पायीं थोड्याच मिनिटांच्या अंतरावर, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर आहे. तेथें १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. मंडईची दगडी इमारत शंभर वर्षें ओलांडूनही उभी राहिली. शाळेचा वाडा मात्र मोडकळीस आला, वर्षानुवर्षें न्यायालयांतील वादांत अडकला, आणि डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकाला जागा करून देण्यासाठीं एका रात्रींत पाडण्यांत आला.