छांदिष्ट खेळगट आणि विश्वकोशीय उल्लेखनीयता

हौशी खेळाडूंच्या गटावर विकिपीडियात स्वतंत्र लेख असावा की नाही, हे सदस्यसंख्येवरून ठरत नाही. गटाशी संबंध नसलेल्या विश्वसनीय प्रकाशनांनी त्याची सविस्तर दखल घेतलेली असावी लागते. गटाचे स्वतःचे पत्रक तेथे पुरत नाही. एमआयटीतील ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ (स्थापना १९४६) हा मुळात आगगाड्यांच्या प्रतिकृतींत रमलेल्या विद्यार्थ्यांचा. त्यातील काहींनी १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा संगणकीय खेळ घडवला. पण नुसत्या खेळाची कीर्ती क्लबला लागू होत नाही. स्टीव्हन लेव्ही यांनी ‘हॅकर्स’ (१९८४) या ग्रंथात क्लबविषयीच विस्ताराने लिहिले, तो आधार भक्कम ठरतो. ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, त्या गटांवर हा निकष काहीसा कठोर आहे. त्यांचा उल्लेख फार तर खेळाच्या लेखात एका ओळीत येतो, तोही संदर्भ असेल तरच.