मुंबईच्या सागवानाची ‘सुहैली’

मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक शर्यत जाहीर केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. पहिला परतेल त्याला ‘गोल्डन ग्लोब’ हे मानचिन्ह आणि सर्वांत कमी दिवसांत फेरी पुरी करेल त्याला ५,००० पौंड. फ्रान्सिस चिचेस्टर नुकताच एकट्याने जग फिरून आला होता, पण वाटेत सिडनीला थांबून. न थांबता ही फेरी तोवर कोणीच केली नव्हती. नऊ जण समुद्रात उतरले. त्यांतली ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची जाडजूड नौका मुंबईत बांधलेली होती.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबईत मुक्काम असताना त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी स्वतःची नौका बांधून घ्यायचे ठरवले. इंग्लंडहून नकाशे मागवले, तर हाती आला भलताच, जुना आराखडा. वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे, म्हणून त्यावरच काम सुरू झाले. हा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन नौकारचनाकाराचा, आणि त्याचे मूळ त्याहूनही मागे, नॉर्वेत. ध्रुवसंशोधक नान्सेनचे जहाज ‘फ्राम’ घडवणाऱ्या कॉलिन आर्चरने नॉर्वेच्या किनाऱ्यासाठी बचावनौका आखल्या होत्या. वादळ उठले की मच्छीमार बंदराकडे वळायचे आणि या नौका तेव्हाच बाहेर पडायच्या. त्यामुळे त्यांचा सगळा भर टिकाऊपणावर होता. नाळेसारखेच मागचे टोकही निमुळते, म्हणजे पाठीमागून चाल करून येणारी लाट आपटण्याऐवजी दुभंगते. पेंदी लांब आणि खोल, वजन भरपूर. वेग मात्र यथातथाच.

कुलाबा वर्कशॉपमध्ये तिची बांधणी झाली ती सागवानात, आणि बहुतेक हातानेच. सुतार वाकसाने फळ्या तासत, दोरीच्या सामत्याने भोके पाडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या नौकाकारखान्यांना ही पद्धत पुराणकाळातली वाटली असती. पण मुंबईच्या सागवानी जहाजांची ख्याती फार जुनी. वाडिया कुटुंबाने मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. ‘सुहैली’ डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. पुढे रॉबिनने ती आफ्रिकेमार्गे इंग्लंडला नेली. त्यातला केपटाउन ते लंडन हा शेवटचा टप्पा कुठेही न थांबता चौऱ्याहत्तर दिवसांचा होता.

गंमत म्हणजे शर्यतीसाठी त्याला ती नकोच होती. त्रेपन्न फुटी पोलादी नौकेचा आराखडा तयार होता, पण पैसा द्यायला कोणी पुढे येईना आणि ‘सुहैली’ला गिऱ्हाईकही मिळेना. शेवटी १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधल्या फॅल्मथहून निघाला, तो मुंबईच्या याच नौकेतून.

केप व्हर्द बेटांच्या आसपासच पेंदीजवळच्या जोडातून पाणी झिरपू लागले. रॉबिन पाण्यात उतरला, श्वास रोखून फटीत कापूस ठोकत राहिला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालावी लागली. पुढे दक्षिण महासागरात लाटेने नौका आडवी केली. ती उठली, पण केबिनच्या कडांना भेगा गेल्या आणि पिण्याचे पाणी खराब झाले. रेडिओ बंद पडला. आपोआप सुकाणू धरणारे वाऱ्याचे यंत्र पुढे कायमचे मोडले.

इथे जुन्या आराखड्याने हात दिला. लांब पेंदीमुळे शिडे नीट जुळवली की नौका बरीचशी आपली आपणच दिशा धरून राही. वादळात रॉबिन मागून जाड दोराचा लांबच लांब फास सोडत असे. दोराची ओढ वेग आवरायची, आणि निमुळत्या टोकावर लाट फुटून दोन्ही बाजूंनी निघून जायची. १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले. न्यूझीलंडचा किनारा सुटल्यापासून जगाला त्याची खबर नव्हती. ६ एप्रिलला अझोर्सजवळ ‘मोबिल अ‍ॅक्मे’ या तेलवाहू जहाजाला तो दिसला, तेव्हा कुठे घरच्यांना कळले की तो जिवंत आहे.

२२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, तो फॅल्मथला परतला. तीस हजारांहून जास्त सागरी मैल झाले होते. सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल.

वेगवान नौकांचे काय झाले? बर्नार मॉइतेसिएला जिंकण्याची चांगली संधी होती, पण शर्यतच सोडून तो ताहितीला निघून गेला. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत खोटी स्थाने कळवत राहिला. तो मागून गाठतोय या समजुतीने नायजेल टेटलीने आपली तीन सांगाड्यांची ‘व्हिक्ट्रेस’ जिवाच्या आकांताने हाकली, आणि ती घराच्या वाटेवर अझोर्सजवळ फुटून बुडाली. क्रोहर्स्टची नौका जुलैमध्ये सापडली, आत कोणी नव्हते. शर्यत एकट्या ‘सुहैली’ने पुरी केली. दोन्ही बक्षिसे रॉबिनचीच ठरली. त्यातले ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. या विजयाचे श्रेय खलाशाच्या जिद्दीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण कुलाब्याच्या त्या सुतारकामाला त्यात पुरेसा वाटा कधीच मिळाला नाही.

१९९४ मध्ये रॉबिनने पीटर ब्लेकसोबत ‘एन्झा’ या प्रचंड कॅटामरानमधून अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा चौऱ्याहत्तर दिवसांत केली, म्हणजे ‘सुहैली’ला केपटाउनहून लंडन गाठायला लागले तितक्याच दिवसांत. ‘सुहैली’ने मात्र म्हातारपणीही समुद्र सोडला नाही. १९९१ मध्ये ती ख्रिस बॉनिंग्टनसह गिर्यारोहकांना घेऊन ग्रीनलंडला गेली. काही वर्षे ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती, पण तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, तेव्हा रॉबिनने तिला बाहेर काढून पुन्हा पाण्यात उतरवले.

शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब पुन्हा भरली. भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमीसाठी रत्नाकर दांडेकरांच्या गोव्यातल्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने ‘सुहैली’चीच प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. अभिलाषने याआधी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई अशी न थांबता फेरी केली होती, तीही दांडेकरांनीच बांधलेली, आणि त्या मोहिमेमागची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’ पूर्ण उलटली, डोलकाठ्या मोडल्या, अभिलाषच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्याला वाचवले. पुढच्या, २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये तो ‘बायनात’ या दुसऱ्या नौकेतून उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला.