ऑर्केस्ट्राचा हंगाम आणि आपल्या गटातलं एक कर्ज

मी दीपनगरहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक म्हणून.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वेगळाच अर्ज आला. आजवर शेळी, शिलाई मशीन, पापडाचं यंत्र, पोराची फी यासाठी कर्ज मागितलेलं मी पाहिलंय. या वेळी एका ताईंनी आठ हजार रुपये मागितले, ते दहावीतल्या मुलीला की-बोर्ड घ्यायला. क्षणभर सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, "माय वं! पोरगी आता ऑर्केस्ट्रात नाचणार का?"

आजींचं चुकलं नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे यात्रेत नाहीतर लग्नाच्या आदल्या रात्री सिनेमाची गाणी म्हणणारा ताफा. तिथे पुढे पुरुष बसतात. बायका लांब अंधारात उभ्या राहतात आणि दोन गाणी ऐकून भाकरी टाकायला परततात. म्हणून मी ठरवलं, या शब्दाचा इतिहास आधी सांगायचा आणि मग कर्जाचं बोलायचं.

युरोपात ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-नव्वद वादकांचा मेळ. व्हायोलिनसारखी तारेची वाद्यं, बासरीसारखी फुंकायची, पितळेची आणि ठोकायची, असे त्यांचे चार घोळके. प्रत्येकासमोर लिहिलेले सूर आणि मधोमध हातात काडी घेतलेला संचालक. आपल्या वरातीतला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट याच कुळातले. इंग्रजांच्या पलटणीच्या बँडमधून ते आपल्या लग्नात आले.

आपल्या बँडवाल्यांना लग्नसराई असते, तसा ऑर्केस्ट्रालाही हंगाम असतो. मुंबईला नरिमन पॉइंटवर एनसीपीए नावाची संस्था आहे. तिथे 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास त्याचे हंगाम होतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन संगीतकारांच्या रचना वाजतात, तशा आजच्याही. 2015 मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी खास या ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' ही रचना केली. तबला मध्यभागी आणि भोवती सगळा ऑर्केस्ट्रा. 2019 मध्ये हे वादक ती घेऊन इंग्लंडला गेले.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची गोष्ट. 'अमर अकबर अँथनी' हा 1977 चा सिनेमा सगळ्यांना माहीत आहे. त्यातला अमिताभ बच्चन गाण्यात आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असं सांगतो. हे नाव खऱ्या माणसाचं आहे. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. जन्म 1927 चा, गोव्यातल्या माजोर्डा गावचा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना व्हायोलिन आणि सूर वाचायला शिकवत. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याची कितीतरी पोरं मुंबईला आली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात पोटाला लागली. आपण ज्या जुन्या गाण्यांवर भुलतो, त्यांच्या मागची व्हायोलिनं बहुतेक त्यांचीच.

गोन्साल्विस यांना वाटे, आपले राग आणि हा मोठा मेळ एकत्र यावा. 1958 मध्ये त्यांनी शंभरावर वादक जमवून 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात मैफल झाली, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे 1965 च्या सुमाराला ते अमेरिकेला गेले, मग गोव्यात परतून शांतपणे राहिले. 2012 मध्ये वारले.

हे ऐकून एका ताईंनी विचारलं, "यात बाई कुठे होती?" प्रश्न बरोबर होता.

व्हिएन्ना शहराचा ऑर्केस्ट्रा जगात नावाजलेला. त्यात 1997 पर्यंत एकही बाई सभासद नव्हती. एक बाई वीसहून अधिक वर्षं तिथे हार्प हे वाद्य वाजवत होत्या, पण सभासद म्हणून त्यांचं नाव नव्हतं. शेतात जन्मभर राबायचं आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तसंच हे. अमेरिकेत काही ऑर्केस्ट्रांनी उमेदवाराला पडद्याआड बसवून वाजवायला लावलं. बाई की पुरुष हे दिसेना, फक्त सूर ऐकू येत. त्यानंतर तिथे बायकांची संख्या वाढली.

आपल्याकडे घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं हेच वाईट समजत. हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 चा, मिरजेचा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी त्या एक. साध्या साडीत, ताठ बसून त्या गायल्या आणि लोकांची नजर बदलली. त्यांच्या आधी मात्र रंगभूमीवर बाईची भूमिकासुद्धा पुरुषच करत. त्यातले सर्वांत गाजलेले बालगंधर्व लहानपणी काही काळ आपल्या जळगावात राहून गाणं शिकले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावला जानेवारीत होतो.

आता माझं सांगते. माहेरी भजनी मंडळाची पेटी आमच्याच ओट्यावर असायची. पुसायची मी. वाजवायची मात्र भावानं. एकदा दुपारी कोणी नसताना भाता हलवला, दोन पट्ट्या दाबल्या, तर पाठीत धपाटा बसला. पुढे मी बीए झाले, हिशेब शिकले, बँकेत बोलायला शिकले. पण पेटी राहिली ती राहिलीच.

म्हणून बैठकीत मी एवढंच म्हटलं, कर्ज परत फिटेल का हे जरूर विचारा, पण पोरगी वाजवणार म्हणून नाही म्हणू नका. गोव्याच्या पोरांना सुरांनी रोजगार दिला. आपल्याकडे हळदीला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, भजनाला वाजवणारा माणूस पैसे घेतोच ना? मग वाजवणारी का नाही घेणार?

तासभर वाद झाला. शेवटी ठराव झाला: आठ हजार रुपये अंतर्गत कर्ज, दहा हप्ते, व्याज इतर कर्जाइतकंच. सगळ्यांत आधी अंगठा उमटवला तो त्याच आजींनी. आणि एक अट घातली, "पयलं गाणं माह्या नातीच्या हळदीत."

दुसराही ठराव झाला. जानेवारीत जळगावच्या महोत्सवाला गटातल्या सगळ्या जणी मिळून जायचं. त्यासाठी आतापासून आठवड्याला दहा रुपये वेगळ्या डब्यात. त्या रात्री घरच्या भाकरी कोण टाकेल, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवायचं.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर तुम्ही काय कराल? पुढच्या बैठकीत नक्की बोला. नमस्कार.