शहाद्याला उतरलेले तरुण

अमेरिकेची पीस कोअर 1961 साली सुरू झाली आणि तिचे पहिले तरुण त्याच वर्षी भारतात पोचले. निघण्याआधी त्यांच्याकडून भाषा घोटून घेतली जाई, रीतिरिवाज समजावले जात. 1972 च्या सुमाराला मुंबई-पुण्याहून शहाद्याच्या स्टँडवर उतरलेल्या मराठी तरुणांना असं काही मिळालं नव्हतं. जायचं होतं आपल्याच राज्यात, मग तयारी कसली करायची?

करायला हवी होती. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. गावाला रेल्वे नाही, एसटीनं तापी ओलांडून जायचं. बाजारात अहिराणी आणि गुजरी, भिल्ल वस्तीत भिलोरी, वर अक्राणीच्या डोंगरात पावरी, नवापूरकडे मावची. पुण्याची मराठी इथं तलाठ्याच्या चावडीत आणि फौजदाराच्या तोंडी ऐकू यायची. तीच भाषा बोलत एखादा पोरगा झोपडीच्या दाराशी उभा राहिला, तर घरातल्यांना आधी कोणाची आठवण झाली असेल, हे सांगायला नको.

ते आले त्यालाही कारण होतं. मे 1971 मध्ये तालुक्यातल्या पाटीलवाडीत गोळीबार झाला, एक आदिवासी मारला गेला आणि तापीकाठचं हे समृद्ध खोरं शहरातल्या वर्तमानपत्रांत आलं. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भू-मुक्ती मेळावा भरला. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीचं वारं लागलेले काही तरुण इकडे वळले. मुंबईच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर आले, विजय कान्हेरे आले, पुढे कादंबरीकार म्हणून नाव झालेले दीनानाथ मनोहर आले. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

मात्र काम त्यांच्यापासून सुरू झालं, असं कोणी म्हणू नये. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता सर्वोदयाच्या विचारानं आधीपासून गावोगाव फिरत होता, आणि बाहेरून आलेल्यांना वस्त्यांची दारं उघडली ती बरीचशी त्याच्यामुळे. 1974 साली तो गेला. शहाद्याच्या चळवळीवरच्या लिखाणात शहरी नावं पुढं येतात आणि अंबरसिंग एखाद्या परिच्छेदात उरकला जातो, ही तक्रार रास्तच आहे.

दिवसा भेटायला माणसं नसत. सालदार मालकाच्या शेतावर राबत असे. त्याचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू व्हायचं आणि पुढच्या अखाजीला संपायचं, मधे घेतलेली उचल मानेवर राहायचीच. म्हणून बैठका रात्री. तिथं इंजिनिअरिंग कामाला येत नव्हतं. कामाला येत होतं ते सातबारा वाचता येणं. आपली जमीन गहाण आहे की विकली गेली, कोणाच्या नावावर चढली, हे कागद उलगडून कोणी सांगितलं की बैठकीचा रंग बदलायचा. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा 1974 चा, म्हणजे या सगळ्यानंतरचा.

दारूबंदीची गोष्ट तर आणखी मजेशीर. 1973 च्या आसपास भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडायला सुरुवात केली आणि शहरी वाचकाला ते नवं वाटलं. पण तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुलामहाराजांनी 1938 सालीच हजारोंना आरतीला जमवून दारू सोडायला लावली होती. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणत. सुधारणा घेऊन आलेल्यांना ती इथं चौतीस वर्षं आधीच येऊन गेल्याचं कळलं असेल, तेव्हा थोडं ओशाळायला झालं असणार.

ज्यांना खरोखर समुद्रापलीकडून आलेलं म्हणता येईल, अशा मारिया मीस. मूळच्या जर्मन, 1960 च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवायला आलेल्या. शहाद्याच्या चळवळीवरचा त्यांचा इंग्रजी लेख 1976 साली शेतकरी चळवळींवरच्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात छापून आला आणि सालदार भिल्लांची ही लढाई युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत पोचली.

बाहेरून आलेल्यांनी आपल्या अनुभवांवर लिहिलं, हे जगभर घडतं. यजमानानं पाहुण्यांवर लिहिलं, असं क्वचित. वाहरू सोनवणे शहादा तालुक्यातलेच भिल्ल, ऐन विशीत संघटनेत आलेले. 1987 साली त्यांचा ‘गोधड’ हा भिलोरी-मराठी कवितासंग्रह निघाला. त्यातली ‘स्टेज’ ही कविता पुढे अनेक भाषांत गेली. आदिवासींचं दुःख व्यासपीठावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचं ते दुःख आहे ते खाली बसून ऐकतात, हा तिचा विषय. संघटनेच्या सभांत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाची ती कविता आहे, म्हणून ती बोचते. तिच्यात कोणाचं नाव नाही, पण शहाद्याला आलेल्या प्रत्येकाला ती वाचताना आपली एखादी सभा आठवली असेल.

1990 साली पालघरला आदिवासी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वाहरू सोनवणे होते.